दिवे लागल्यावर मागितलेलं विरजण

वाई, गुरुवार, १२ डिसेंबर

आज दिवेलागणीला धाकटी जाऊ शोभा दारात आली. चुली वेगळ्या झाल्यापासून पहिल्यांदाच. हातात स्टीलची वाटी. म्हणाली, "ताई, इरजण हाय का? आमचं नासलं. अँटिबायोटिकनं पोराचं पोट लय बिघडलंय."

दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत, असं सासूबाई सांगायच्या. मीही तेच सांगितलं आणि पुढच्या खोलीतल्या आमच्या मेडिकलमधून प्रोबायोटिक कॅप्सूलचं पाकीट आणून दिलं. पैसे घेतले नाहीत. पाकीट घेऊन ती गेली. वाटी कट्ट्यावरच राहिली.

गिऱ्हाइकांना मी रोज समजावते, यात जिवंत जंतू असतात, दह्यात असतात तसलेच, पोटाला चांगले. मग दुकानातले जंतू दिवे लागल्यावर चालतात आणि माझ्या भांड्यातले चालत नाहीत? की मला द्यायचंच नव्हतं? बहुतेक नव्हतंच. तिलाही ते कळलं असणार.

जेवणं झाल्यावर ती वाटी घासून ठेवली. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हेही सासूबाईंनीच शिकवलेलं.

आज जरा जास्त दूध विरजायला ठेवलंय.