उजवा डोळा

२ जून
कोमोडोला पोचलो. बोटीत आतडी बाहेर यायची बाकी होती, पण हलिफा मावशीने सुकवलेलं माकूळ भाजून पुढ्यात ठेवलं आणि सगळं विसरलो. आईचं गाव; जन्मलो इथेच, पण कळत्या वयात आत्ताच पाहतोय. काम झकास: दरीतले ओरा, म्हणजे आपल्या माणसाएवढ्या घोरपडी, खुणांवरून ओळखायचे, वहीत टिपायचे. तीन धंदे सोडले, हा टिकवायचाच. मावशी म्हणाली, दरीत भाऊ भेटला तर विचारपूस कर. इथे प्रत्येकाचं एक जुळं ओरा होऊन तिकडे असतं म्हणे. मी विचारलं, माझं कसं आहे? म्हणाली, तुझ्यासारखंच असणार, जेवणाच्या वेळेला हजर.

५ जून
नखं, शेपटीचं टोक, जखमांचे व्रण. क्रमांक एक अजस्र. बाकीचे त्याला पाहून पळतात. क्रमांक नऊ माझ्या लांबीचा, डाव्या पुढच्या पायाची करंगळी नाही. माझ्याही डाव्या हाताची नाही, लहानपणी बोटीच्या नांगराच्या दोरात गेली. गंमतच.

९ जून
चिंचेवरचे काकाकुवे बघत बसलो आणि नऊ अगदी जवळ आला. बेचक्याच्या काठीने मान दाबून त्याला मागे सारायचं असतं. मी घाबरून भोसकली. त्याचा उजवा डोळा गेला.
रिवाज असा की ओराला इजा झाली तर त्याच दिवशी गावापुढे कबूल करायचं आणि त्याच्यासाठी बकऱ्याची तंगडी नेऊन ठेवायची. कबूल केलं तर नोकरी गेली. गप्प बसलो.

१० जून
उजव्या डोळ्याला पाणी. मावशी म्हणते, धूळ गेली असेल.

१२ जून
त्या डोळ्याने काहीच दिसत नाही. पांढरा पडलाय. मावशीने विचारलं, कुणाला मारलंस? नाही म्हटलं. मग ती हळूच म्हणाली, तुझ्याबरोबर जन्मला त्याला मीच दरीत सोडून आले होते.

१३ जून
सांगून टाकलं. ओरडली नाही. म्हणाली, उशीर केलास बाळा, पण चल. तंगडी घेऊन दोघं आलोय.
नऊ चिंचेखाली पडलाय. मांस त्याच्यापुढे टाकलं. हुंगतही नाही —

वासाने क्रमांक एक आलाय. मीच आणलेल्या वासाने. तो नऊच्या उजव्या अंगाने सरकतोय. नऊला कळत नाही. काठी फेकली, दगड फेकले —

नऊच्या पोटाला धरलं.

माझा सदरा पोटावर रक्ताने ओला झालाय. मावशी मागे आहे, तिला वाटतं मी टिपून घेतोय — तिला हाक — उजवीकडे मला काही दिस