डाय उतरेपर्यंत

४ मार्च, मंगळवार

अँजिओप्लास्टी झाली. एक स्टेंट. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "उत्तम!" मी हुश्श करून चहाचा कप तोंडाला लावते न लावते, तोच सिस्टर बोलवायला आली. आत गेले तर यांचे डोळे सताड उघडे, आणि विचारतायत — "दिवे का घालवलेत?"

खोलीत लख्ख ऊन होतं!

यांना दिसत नाहीये. काहीच नाही.

संध्याकाळी

स्कॅन झाला. गुठळी नाही, रक्तस्राव नाही. रक्तवाहिन्या नीट दिसाव्यात म्हणून जो डाय सोडतात, तो फार क्वचित एखाद्याच्या मेंदूला बाधतो म्हणे. नजर जाते. "बहुतेक दोन-तीन दिवसांत परत येते." बहुतेक! या एका शब्दावर मी कशी विसंबून राहू?

लेक शनिवारपर्यंत पोचत नाही. शेवटी मोठ्या दिरांना फोन केला. सासूबाईंना शेवटच्या दुखण्यात हॉस्पिटलात न्यायचं नाही, हे या दिरांनीच ठरवलं होतं. त्या गेल्या, तेव्हापासून हे सख्ख्या भावाशी बोललेले नाहीत. दीर एवढंच म्हणाले, "निघालो."

५ मार्च, बुधवार

जीव थाऱ्यावर नाही. नुसत्या येरझाऱ्या. बसले तरी पाय हलतोच.

दीर आले. दारातच थबकले. हळूच म्हणाले, "मी आलोय म्हणून सांगू नकोस. भडकेल, प्रेशर वाढेल." पटलं. यांना म्हटलं, मदतीला माणूस ठेवलाय. धडधडीत खोटं!

दिरांनी सूप भरवलं, तोंड पुसलं, कुशीवर वळवलं. चकार शब्द नाही. यांनी सगळं करू दिलं. एरवी परक्याचा हात लागू देतील तर शपथ!

६ मार्च, गुरुवार

"काही दिसतंय का हो?" — "नाही." दर तासाला तेच. मलाच माझा वैताग आलाय.

दिरांनी यांची दाढी केली. सत्तरी ओलांडलेला हात, थरथरतो. "सावकाश," हे म्हणाले. बस, एवढंच. का कोण जाणे, मला तिथे उभं राहवेना.

७ मार्च, शुक्रवार

कॉरिडॉरमध्ये डॉक्टर भेटले. "काल सकाळीच बोटं मोजून दाखवली की त्यांनी! तुम्हाला बोलले नाहीत?"

तडक आत गेले. दीर खुर्चीत पेंगत होते. हे त्यांच्याकडे टक लावून बघत होते.

"हळू बोल," मला म्हणाले. "दिसतंय म्हटलं, की दादा निघून जाईल."