तलावाच्या पाळीवरचे फोटो

चिंचटोली, ता. ब्रह्मपुरी
६ ऑक्टोबर २००३

चि. सौ. रीता हिला गोकुळाबाईचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. भाग्यश्रीला वरोऱ्याच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायचं काम लागलं, फार बरं झालं. तिला म्हणावं, तुझी मावशीही आता काही कमी नाही. माझ्या हेमराजने पुण्याहून कॅमेरा आणि त्याचा जुना कॉम्प्युटर पाठवल्यापासून मी रोज सकाळी तलावावर जाते, कमळांचे, बदकांचे फोटो काढते, घरी येऊन कॉम्प्युटरवर चढवते आणि कॅमेरा दुसऱ्या दिवसासाठी रिकामा करते. मास्तरकी सुटल्यापासून एवढाच उद्योग.

परवाही तशीच गेले होते. आपल्या भावाने, भैयाने, माणसं नेऊन तलावाचं दार उघडलं. धानाला शेवटचं पाणी हवं होतं हे खरं. पण सगळं पाणी गेलं की ढिवर कोळ्यांची मासोळी मरते, म्हणून नथ्थू आणि त्याचा भाऊ बाबुलाल दारापाशी आडवे आले. आधी शिव्या झाल्या, मग काठ्या. बाबुलालला लोळवून इतकं मारलं की तो उठेना. नथ्थू पाण्यात उतरला, त्याच्यामागे भैया कुऱ्हाड घेऊन उतरला. मानेवर घातली. रीता, एकदा नाही. तो आडवा झाल्यावरही घातली. सुटलेल्या पाण्याबरोबर ते रक्त कालव्यात गेलं आणि तिथून आपल्याच धानाच्या बांध्यांत.

मी पाळीवर मोहाच्या झाडाआड होते. कॅमेरा हातात होता, बटन दाबत राहिले. याहून दुसरं काही सुचलं नाही.

दुपारी पोलीस आले आणि बाबुलाललाच घेऊन गेले. भैयाने सांगितलं, मासोळीच्या वाट्यावरून भावानेच भावाला तोडलं. त्याची माणसं तेच सांगतात. बाबुलालची बायको गुणाबाई माझ्या ओट्यावर बसून आहे. रडत नाही. एवढंच म्हणते, बाई, तुमी होत्या नं तिथी, आता तुमीच सांगा.

सांगणार आहे. पण मोतीबिंदू झालेल्या म्हातारीला पाळीवरून काय दिसलं, असं कोणीही म्हणेल. म्हणून फोटोंचं फोल्डर फ्लॉपीवर घेतलं आहे, ती सोबत आहे. एक प्रत माझ्याकडे, एक तुझ्याकडे. क्षणात उतरलं सगळं. यंत्र किती हुशार असतं बघ. फोटोत काय आहे ते लिहवत नाही, तूच बघ. फोन करू नकोस, गावातला फोन भैयाच्याच घरी आहे.

जपून राहा, आणि या बहिणीवरची माया तशीच ठेव.

तुझी,
गोकुळाबाई


वरोरा
१० ऑक्टोबर २००३

ती. गोकुळाबाईस रीताचा सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. बाई, तू दादाबद्दल लिहिते आहेस. चंद्रपूरच्या होस्टेलमध्ये मी रडून रडून ताप काढला तेव्हा हाच सायकल मारत आला होता. पुरुषांना आत सोडत नाहीत म्हणून कुंपणापाशी बसून राहिला, आणि शेवटी सिस्टर बेनितांनीच त्याला आत बोलावून दूध दिलं. तू त्याला चिडवलंस, की सिस्टरांनी तुझं नाव रजिस्टरात मुलींमध्ये घातलं. तो दादा असं करेल? तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे, हेही विसरू नकोस.

फ्लॉपी भाग्यश्रीने क्लासात लावून पाहिली. त्यात 'फोटो' नावाचं एक चिन्ह तेवढं आहे. ते दाबलं की सापडत नाही असं मशीन सांगतं. एकही फोटो नाही. खरं लिहू? मला सुटल्यासारखं वाटलं.

तू काही दिवस इकडे ये. तुझ्या वाटेकडे डोळे लागलेली,

रीता


चिंचटोली
१४ ऑक्टोबर २००३

चि. सौ. रीता हिला आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, डाव्या हाताने लिहिते आहे. सिस्टर बेनिता असत्या तर पट्टी घेऊन उभ्या राहिल्या असत्या.

मी ठाण्यावर जाऊन पाहिलं ते सांगितलं. फोटो आहेत म्हटल्यावर साहेबांनी चहा मागवला, उद्या घेऊन या म्हणाले. संध्याकाळी भैया दारात होता. म्हणाला, बाई, काऊन माह्या जीवावर उठली, मी तुहा भाऊ नाई काय. फोटो कुठं आहेत विचारलं. मी म्हटलं, कॉम्प्युटरात. त्याने कुऱ्हाडीच्या तुंब्याने, बोथट बाजूने, तो फोडला. काच चुलीपर्यंत उडाली. मी मध्ये गेले तर माझं उजवं मनगट टेबलाच्या कडेवर धरून दाबलं. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, दुखणं मागून आलं. जाताना पाया पडून गेला. आईने तेवढं वळण लावलं आहेच.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. फ्लॉपीत काही नाही, म्हणतेस. मी माझ्या हाताने घेतली होती, रीता. तुला सुटल्यासारखं वाटलं, तेव्हा विचारते. तू पुसलंस का?

बाबुलालचे पुढचे दात कोठडीत पडले. गुणाबाई भाकर घेऊन गेली, त्याला चावता येईना. तिने पाण्यात कुस्करून गजांतून भरवली. त्याच्यावर भावाच्या खुनाचा खटला चालणार. नथ्थूला अग्नी द्यायलाही त्याला सोडलं नाही.

उत्तर दे. कसंही असलं तरी दे.

गोकुळा


वरोरा
१८ ऑक्टोबर २००३

ती. बाईस सा. न. वि. वि.

मी पुसलं नाही. तुझ्यासमोर खोटं बोलणं मला पाचवीत जमलं नाही, आता काय जमणार. तुझ्या मनगटाचं वाचलं आणि मी भाग्यश्रीच्या क्लासात जाऊन बसले, म्हटलं मला नीट समजावून सांग.

ती म्हणते, मावशीला विचार, त्या चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण होता का. हेमराजने तुझ्या सोयीसाठी पडद्यावर ठेवलेलं ते नुसतं फोल्डरचं दार होतं, शॉर्टकट म्हणतात त्याला. तू दार उचलून पाठवलंस, घर तिथंच राहिलं. म्हणून तर क्षणात उतरलं. तिच्या क्लासात येणारे निम्मे लोक हेच करतात आणि घरी जाऊन निर्धास्त झोपतात.

आता नीट वाच. टीव्हीसारखा पडदा असतो त्यात काहीच राहत नाही. फोटो लोखंडी खोक्यात असतात. दादाने काय फोडलं? पडदा की खोकं? खोकं धड असेल तर कसंही करून पाठव.

फोटोत दादा नसावा असं मला अजून वाटतं. असला तरी पाठव.

तुझ्या रागावलेल्या पत्राचीही वाट पाहणारी,

रीता


चिंचटोली
२१ ऑक्टोबर २००३

चि. सौ. रीता हिला अ. उ. आ.

खोकं टेबलाखाली आहे. धूळ बसू नये म्हणून मी विणलेला रुमाल त्यावर टाकला होता. भैयाला ती लाइट गेल्यावर चालणारी बॅटरी वाटली असावी. त्याच्यावर पाय देऊन त्याने पडदा फोडला.

हे पत्र आणि खोकं गुणाबाईच घेऊन येते आहे, तिच्या टोपल्यात, सुकटाखाली. म्हणाली, बाई, बसमदी कोनी नाक नाई घालत याच्यात. तुझं घर वासाने भरेल, तिला काही बोलू नकोस. तिला गरम भात वाढ.

तुझ्यावर संशय घेतला ते मनाला लागून आहे. बाबुलालचा जीव त्या खोक्यात आहे, आणि आपला भाऊही त्यातच आहे. मी काही सांगत नाही. तू बघ आणि कर.

तुझ्यावर विसंबलेली,
गोकुळाबाई


वरोरा
२८ ऑक्टोबर २००३

ती. बाईस रीताचा सा. न. वि. वि.

फोटो उघडले. कमळं, बदकं, आणि मग तो. नथ्थू कमरेएवढ्या पाण्यात उभा आहे, दोन्ही हात जोडून. समोर दादा, कुऱ्हाड डोक्याच्या वर. तोंड उघडं आहे, ओरडत असावा. पुढच्या फोटोत हात जोडलेले नाहीत. त्याच्या पुढचा मी एकदाच पाहिला.

गुणाबाई शेजारी उभी होती. पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, हा माहा देर हाय. मग भात न खाता तशीच बसली.

भाग्यश्रीने सीडी केल्या. प्रत्येक दुसऱ्या मशीनवर लावून, उघडून पाहिली. एक बाबुलालच्या वकिलाकडे, एक मी स्वतः चंद्रपूरला पोलिसांच्या मोठ्या साहेबांच्या हातात दिली, एक पोस्टाने हेमराजला. स्टुडिओत जाऊन फोटोही धुऊन घेतले.

भाऊबिजेला दादा आला. दर वर्षी येतो तसाच. मी ओवाळलं, बाई. त्याने दोन घास घेतले आणि मी सांगितलं की फोटो चंद्रपूरला पोचले आहेत. त्याने पाट उचलून फेकला, तो माझ्या कपाळाला लागला. पाच टाके आहेत, काळजी करू नकोस. कुठी हाय तो डब्बा, ओरडला. मी बोट दाखवलं. या वेळी त्याने त्याच पाटाने खोकंच फोडलं. पत्रा चेपेपर्यंत, आतलं हिरवं बाहेर येईपर्यंत घाव घालत राहिला. भाग्यश्री किंचाळत होती. मी पदराने रक्त पुसत म्हटलं, फोड दादा. फोटो आता चार ठिकाणी आहेत.

तो थांबला. धापा टाकत खाली बसला, म्हणाला, दाखव तं मले.

मी स्टुडिओतला फोटो त्याच्या हातात दिला. चंद्रपूरच्या साहेबांनी पाठवलेले पोलीस फाटकाशी येईपर्यंत तो त्याच्याकडेच बघत होता. त्यांनी त्याला नेलं तेव्हा ओढाताण झाली नाही. बाबुलालला सोडण्याचा हुकूम सोमवारी निघेल असं वकील म्हणतात. गुणाबाई त्याला आणायलाच निघाली आहे, तिच्यासोबत हे पत्र देते.

तुझ्यावर माझा राग नाही. माझ्यावर तुझा उरला असेल तरी दोन ओळी लिही, डाव्या हाताच्या चालतील.

एक सांगायचं राहिलं. फोटो पाहून दादाने मला विचारलं, तो हात जोडून होता काय. मी हो म्हटलं. तर म्हणाला, मले त त्याच्या हाती काठी दिसली होती.

तुझी,
रीता