घरच्यांनीच लुटलेलं बोरन्हाण

आई,

तुझ्या नातीला रक्ताचा कॅन्सर झालाय. ती जन्मायच्या आधीच तू गेलीस, तिला पाहिलंही नाहीस, आणि तिची पहिली बातमी द्यायची तर ही. साडेचार वर्षांची आहे, नाक तुझ्यासारखं, हट्टही तुझाच. औषधांनी केस गेले, चेहरा सुजून गोल झाला. स्टिरॉइड चालू असलं की तिला सारखी भूक लागते, दिवसभर बटाट्याची भाजी मागते, आणि ताट समोर आलं की तोंडातल्या फोडांमुळे घास गिळता येत नाही. मग ती ताटावर चिडते, माझ्यावर चिडते. मी कोणावर चिडू, ते मला कळत नाही.

सुयांना ती आता सरावली आहे. एकटेपणाला नाही. दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी खाली मुलं खेळतात आणि ही वरून बाल्कनीच्या जाळीला नाक लावून बघत बसते. लिफ्टमध्ये एका शेजारणीने मला हळूच विचारलं, "दीदी, बच्चों को लगता तो नहीं ना?" हा आजार कुणाला लागत नाही, उलट तुमच्या मुलाची साधी सर्दी हिला हॉस्पिटलात पोचवेल, हे सांगता सांगता माझा आवाज चढला. तेव्हापासून ती मला बघून जिन्याने जाते. डॉक्टरीणबाई म्हणतात, गर्दी नको, कच्ची फळं नकोत, पण पोरीला उदास होऊ देऊ नका. ते कसं करायचं, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

संक्रांतीच्या आधी मी बावळटपणा केला. धाकट्या भावाच्या बोरन्हाणाचा जुना फोटो तिला दाखवला. आर. के. पुरममधलं आपलं सरकारी क्वार्टर, हलव्याचा मुकुट घालून भोकाड पसरलेला धाकटा, भोवती पंजाबी, तमिळ, बंगाली मुलांचा गराडा. तू बोरं-चुरमुऱ्यांचं ताट उंच धरून तुझ्या त्या हिंदीत ओरडते आहेस, "रुको, पहले बच्चे के ऊपर गिरने दो!" मी सगळ्यांच्या आधी खाली वाकलेली, आणि पुढच्याच क्षणी तू माझ्या पाठीत धपाटा घालतेस. "घरच्यांनी लुटायचं नसतं. आलेल्या मुलांना लुटू दे." केवढी रुसले होते मी. फोटो बघून लेक म्हणाली, "मला पण. आणि इतकी सारी मुलं पाहिजेत." पुढच्या वर्षी करू, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. पण जीभच रेटेना.

म्हणून केलं. बोरं नाहीत, ऊस नाही, मुलं नाहीत. तिचा बाबा मानेसरच्या फॅक्टरीतून लवकर आला आणि पाकीटबंद चॉकलेटं एकेक पुसत बसला. मुकुट टोचू नये म्हणून मी तिला आधी मऊ टोपी घातली. काळा फ्रॉक घालून ती पाटावर बसली, आणि मी तिच्या डोक्यावरून चॉकलेटं ओतली. ती घरंगळत सोफ्याखाली गेली नि तिथेच पडून राहिली. खालून मुलांचा गलका ऐकू येत होता. ती जरा वेळ दाराकडे बघत राहिली, मग म्हणाली, "आई, कोई लूट ही नहीं रहा. तू लूट ना."

मग मी लुटलं गं. फरशीवर गुडघे टेकून, तिच्या बाबाशी झोंबाझोंबी करत, खोटं खोटं ओरडत. तो ऑफिसच्या पँटने सोफ्याखाली शिरला तेव्हा ती खुदकन हसली. घरात कितीतरी दिवसांनी हसू ऐकलं. त्या वेळी माझ्या पाठीत तुझा धपाटा बसायला हवा होता, आई.

पाटावरून उठताना तिने विचारलं, "अगले साल सगळे येतील ना?" मी हो म्हणाले. लगेच म्हणाले, अजिबात न अडखळता. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून तुला सांगते. ते हो मला स्वतःला खरं वाटलं नाही. तू म्हणाली असतीस, तर वाटलं असतं.