खिडकीखालचे दोन खळगे

आई, इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी ठणठणीत आहे. खोकलाही गेला. इथल्या गावातल्या छोट्या चर्चची मागची भिंत पाडून हॉल वाढवतोय. लग्नं, सभा, शिवणवर्ग, सगळं तिथंच होणार. फरशीचं काम माझ्याकडे आहे, दादाला सांग.

जुनी बाकं हलवली, तर खिडकीखालच्या दगडात दोन खळगे दिसले. कुणीतरी वर्षानुवर्षं गुडघे टेकून झिजवलेले. मुकादम म्हणाला, बुजव. बुजवले. सकाळी बघतो तर सिमेंट खाली बसलेलं. पुन्हा भरले, पुन्हा तेच. माझ्या हातचं काम असं कधी बसत नाही गं.

चर्च झाडणाऱ्या आजी म्हणाल्या, "एक बाई बसायची तिथं, मुलासाठी. तो लांब कामाला गेलेला. पत्रं यायची, सगळी खुशालीची. तो काही आला नाही."

खळगे तसेच ठेवून मी भोवतीनं फरशी बसवली. मुकादम तणतणला. तणतणू दे.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस ना?

आई, वर खोकल्याचं लिहिलंय ते खोटं आहे. एवढी फरशी झाली की मी निघतोच. तोवर जमिनीवर गुडघे टेकू नकोस.

तुझा धाकटा