हिज्कीयानं फोडलेला साप

जेद्दा

प्रिय सुशांत, आणि खमीस मुशैतला दर शुक्रवारी तुझ्या घरी प्रार्थनेला बसणारे सगळे,

या सौदी देशात आपल्याला चर्च नाही, हे आपलं सगळ्यांचं दुःख. म्हणून मी इथून माझी प्रवचनं रेकॉर्ड करून पाठवत गेलो. गर्जून सांगत राहिलो, की राजा वळेल तशी प्रजा वळते. इस्राएलाच्या राजांनी देवाला सोडलं, तेव्हा लोकांनीही सोडलं.

हिज्कीया राजाची एक गोष्ट मात्र मी टाळली. साप डसलेल्या लोकांचा जीव वाचवायला मोशे संदेष्ट्यानं पितळी साप केला होता. पुढे लोक त्या सापालाच धूप जाळू लागले. हिज्कीयानं तो फोडला. मोशेच्या हातचा होता, तरी फोडला.

तुझी शोभना गेली त्या दुपारी मी नुकताच हॉस्पिटलमध्ये पोचून दारात तुझ्या मागे उभा होतो, ओमनं मला पाहिलं नव्हतं. ती लेकाला म्हणाली, "ओम, प्रार्थनेचे दोन शब्द तू म्हण रे."

"मम्मी, मुझे नहीं आता. काकांचं लावतो ना, ही इज द बेस्ट."

त्यानं फोनवर माझं प्रवचन लावलं. शोभनानं तोंड भिंतीकडे वळवलं. मी 'बंद कर' म्हणालो नाही. मला क्षणभर अभिमान वाटला होता, सुशांत.

तीन महिने हे पत्र अर्धवट लिहून माझ्या खिशात आहे. ते वाचून 'दादांसारखं कुणी बोलत नाही' असं तुम्ही म्हणेनासे व्हाल, याची भीती वाटते.

माझी सगळी प्रवचनं पुसून टाक. या शुक्रवारी ओमला प्रार्थना करू दे, अडखळला तरी त्यालाच.

तुझा अपराधी,
शशिकांतदादा