बावखलात उतरेल त्याला बाबांचं घड्याळ

हा कागद मी ईस्टरच्या आधी लिहायला घेतला होता. गणपती येऊन गेले तरी वर नाव आणि खाली चहाचा डाग, एवढंच झालं होतं. दर वेळी पेन उचललं की मोबाइलवर आम्हा घड्याळांच्या शौकिनांचा ग्रुप वाजायचा, मी वाचायचो, डोकं तापायचं आणि मी बाइक काढून अर्नाळ्याला निघून जायचो. आज मोबाइल तांदळाच्या डब्यात टाकलाय.

तर मी, रॉकी पास्कल तुस्कानो, वय सव्वीस, राहणार गास, तालुका वसई, शिक्षण बारावी (दुसऱ्या खेपेला), लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, मी प्यायलेलो नाही आणि हे माझ्याकडून कोणी दमदाटीने लिहून घेत नाहीये. उद्या मी गुजरातच्या बाजूला एका जेटीवर, पाण्याखालच्या खांबांवरचे शिंपले खरवडायला जातोय. कंत्राटदाराने विचारलं, "मागे कोण?" म्हटलं, "मावशी." तो म्हणाला, "मग कागद करून ये."

एक. घरातला माझा हिस्सा बेटीमावशीला. आई गेल्यावर मी गोवा, अंदमान, कुठे कुठे भटकत होतो, तेव्हा दिवा तिनेच लावला. कोणी काही बोललं तर त्याला माझ्याकडे पाठवा. म्हणजे मी असेन तर.

दोन. वाडीतल्या बावखलातला आमचा वाटाही तिलाच, पण एका अटीवर. तळं बुजवायचं नाही. बिल्डर पेढे घेऊन आला तर पेढे ठेवून घ्यावेत आणि त्याला फाटकापर्यंत सोडावं.

तीन. पाण्यात उतरायचं माझं सामान, फिन, मास्क, सुरी, हे कामावरच्या कोणालाही द्या. ग्रुपमधल्या एकालाही नको. ते मास्क काचेच्या कपाटात ठेवतील.

चार. आता मुद्द्याचं. बाबांचं घड्याळ.

हे मारेलो कंपनीचं, पाण्यात वापरायचं घड्याळ. फार भारी नाही, फार स्वस्त नाही, पगारदार माणूस हप्त्यावर घेईल असं. बाबा टगबोटीवर होते, तेव्हा घेतलेलं. दर उन्हाळ्यात वाडीतली सगळी मिळून बावखलातला गाळ काढायची, तेव्हा बाबा छातीभर पाण्यात हे घालूनच उतरायचे. आई ओरडायची. बाबा म्हणायचे, "भिजायचंच घड्याळ आहे गं, त्याला काय सर्दी होणारे?" त्याची काचेभोवतीची काळी कडी आता राखेच्या रंगाची झालीय, तारीख एकवीसवर अडकलीय. वेळ बरोबर दाखवतं.

कंपनीने यंदा हेच घड्याळ नवं करून काढलं. बेचाळीसचं अडतीस मिलिमीटर केलं, तारखेची खिडकी काढली, कडी सिरॅमिकची केली आणि पट्ट्याला असं कुलूप दिलं की बोटाने सरकवून सैल करता येतं. मला विचाराल तर चारही गोष्टी शहाणपणाच्या. पण मला कोण विचारतो! ग्रुपवर सुतक पडलं. तुळिंजचा एक म्हणाला, "अडतीस म्हणजे लेडीज." दुसरा म्हणाला, "तारीख काढली म्हणजे आत्माच काढला." ह्याच माणसाने मागच्या वर्षी त्या खिडकीला तोंडावरची पुळी म्हटलं होतं. आणि विरारचे उमंग राऊत, बँकेतले अधिकारी, यांनी कडीवर निबंध लिहिला: सिरॅमिक आपटलं तर तडकेल. आपटणार कुठे, उमंगशेठ? कीबोर्डवर?

हा माणूस हात धुताना घड्याळ काढून खिशात ठेवतो. माझ्या मावसबहिणीच्या, ॲनिशाच्या लग्नात नवरीच्या आंघोळीचं उंबराचं पाणी आणायला बँड लावून विहिरीवर गेलो होतो. कळशीतले दोन थेंब उडाले, तर याने मनगट रुमालात गुंडाळलं आणि वर धरून चालला, जणू खांद्यावर मयताची पेटी आहे. आणि आत दोनशे मीटर खोल पाण्याची हमी असलेलं घड्याळ!

एवढ्या शिव्या घालून नवं अडतीस पहिल्या दिवशी कोणी घेतलं? यानेच. वरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. माणिकपूरच्या हॉटेलात मागच्या रविवारी आम्ही बसलो होतो. त्याची बायको मेघना म्हणाली, "मला एकदा घालून बघू द्या ना." उमंग म्हणाला, "तुला त्यातलं काय कळतं?" ती म्हणाली, "पाण्यात चालतं ना? मग मला तेवढं कळलं." सगळे हसले. मी नाही हसलो. मी वडा खात होतो, तो गार झाला.

बाबांचं घड्याळ या लोकांना हवंय. फिकट कडीला ते मोठं विलायती नाव देतात. उमंग तर मला म्हणाला, "रॉकी, हे आता पाण्यात घालू नकोस हां, भाव जाईल." त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं: आपलं स्वतःचं किंवा घरातलं घड्याळ मनगटावर बांधून जो आमच्या बावखलात उतरेल, पलीकडच्या नारळाला हात लावून परत येईल, त्याला पास्कल तुस्कानोचं घड्याळ. मुदत आजची, रविवारची संध्याकाळ. उत्तरं आली: हसरे चेहरे. एकाने विचारलं, पाणी फिल्टरचं आहे का?

तेव्हा या कलमात नावाची जागा मोकळी सोडतो: ........................ कोणीच आलं नाही तर घड्याळ माझ्या मनगटावर बांधून माझ्यासोबत पुरावं. हे वाचून दाखवलं तर मावशी म्हणाली, "अरे मेल्या, पेटीत घड्याळ कशाला? तिथे कोणाची गाडी पकडायचीय?"

पाच. साक्षीदार म्हणून मी मुद्दाम उमंगला बोलावलंय. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, त्याच्या बायकोलाही नाही. तेवढीच माझी खात्री.

ठिकाण: गास, तालुका वसई, जिल्हा पालघर
तारीख: २१ सप्टेंबर २०२५ (घड्याळात आज तारीखही बरोबर आहे)

सही: रॉकी पास्कल तुस्कानो

साक्षीदार पहिला: आलोशियस डाबरे, शेजारी. सही.

साक्षीदार दुसरा: उमंग राऊत, विरार. सही:

थांबा. फाटक वाजलं. उमंग नाही. मेघना आलीय, एकटी, स्कूटरवर. म्हणते, "ते जेवून झोपलेत. ग्रुपवरचं तुमचं मी त्यांच्या मोबाइलवर वाचलं. बावखल कुठल्या बाजूला?" मनगटावर ते अडतीस. कुलूप तिने बोटानेच सरकवलं. वरचं प्लास्टिक नखाने सोललं आणि माझ्या हातात दिलं, "हे त्यांना परत द्या."

उमंगच्या नावावर मी काट मारलीय. आलोशियसकाका, दुसरा साक्षीदार बघा, लवकर. ती पायऱ्या उतरतेय.